आउटबोर्ड इंजिन तापून बंद पडतं, पाण्याची धार बारीक: माझा अनुभव
मालवणात आमच्या होडीच्या मागे बाहेरून लावलेलं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन 10 मिनिटांत तापून बंद पडायचं. इंजिन थंड करून मागून बाहेर पडणारी पाण्याची धार जेमतेम ठिबकायची. धारेच्या भोकात तार घातली, थर्मोस्टॅट बदलला, गोड्या पाण्यानं धुतलं. ऐन हंगामात फार जीव जळला.

शेवटी प्लगच्या वायरी काढल्या, गिअरची दांडी सोडवली, खालचा गिअरबॉक्स उतरवला. तिथल्या पाण्याच्या पंपातल्या रबरी इम्पेलरची (पाणी वर ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाची) 2 पाती तुटलेली! नुसता नवा बसवू नका, तुटलेले तुकडे मोजून शोधा. माझा एक तुकडा पाणी वर नेणाऱ्या नळीत अडकला होता. वरून पाणी सोडल्यावर निघाला. मग शाफ्टवर (फिरणाऱ्या दांड्यावर) चावी, म्हणजे इम्पेलरला शाफ्टसोबत फिरवणारी छोटी खिट्टी, त्यावर नवा इम्पेलर, पात्यांना साबणाचं पाणी. शाफ्ट घड्याळाच्या दिशेनं फिरवत पंपाचं झाकण दाबलं, बोल्ट आलटून-पालटून आवळले. पिंपात चालवलं, धार जोरात आली.