त्वचेच्या कर्करोगाचं ऑपरेशन: ठाण्याहून निघण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी बायोप्सीचा, म्हणजे कातडीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट हातात घ्या आणि निदानाच्या ओळीत काय लिहिलंय ते स्वतः वाचा. ‘स्किन कॅन्सर आहे’ एवढ्यावर थांबू नका, कारण पुढची तयारी प्रकारावर ठरते. बेसल सेल कार्सिनोमा हळूहळू वाढतो, शरीरात दुसरीकडे सहसा पसरत नाही, पण आहे त्या जागी आत पोखरत जातो. आपल्या सावळ्या कातडीवर तो पुष्कळदा काळाच दिसतो, म्हणून नाकाच्या कडेचा ‘तीळ’ समजून कित्येक वर्षं सोडून दिलेला असतो. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा जवळच्या लसीका ग्रंथींपर्यंत जाऊ शकतो. डॉक्टर मान, काख, जांघ चाचपून बघतात ते त्यासाठी. भाजल्याच्या जुन्या व्रणावर किंवा वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेवर उठतो तो बहुधा हाच. कमरेला घट्ट नेसलेल्या धोतराच्या घर्षणाने होणाऱ्या अशा कर्करोगाबद्दल टाटा मेमोरियलचे डॉ. खानोलकर यांनी १९४५ मध्येच लिहून ठेवलंय, आणि परकराच्या नाडीखाली तो झालेल्या बायकांच्या नोंदीही पुढे आल्या. तेव्हा आईच्या कमरेवर जुना काळा पट्टा असेल आणि त्यातली एखादी चीर भरत नसेल, तर याच भेटीत तीही दाखवून टाका. मेलानोमा आपल्याकडे कमी, आणि होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली. तो लवकर पसरू शकतो, म्हणून त्याच्या बाबतीत ‘गणपती होऊन जाऊ देत, मग बघू’ हे चालत नाही.

परळला टाटामध्ये किंवा टाटाच्याच खारघरच्या केंद्रात, ॲक्ट्रेकमध्ये, दाखवणार असाल तर नुसता कागद नेऊन भागत नाही. बायोप्सी जिथे तपासली त्या लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि तो तुकडा ज्यात बसवलेला असतो ते मेणाचे ब्लॉक मागून घ्या, कारण मोठ्या केंद्रात ते पुन्हा तपासले जातात. लॅब अर्ज लिहून घेते आणि हातात लगेच देईलच असं नाही, म्हणून हे काम शेवटच्या दिवसावर ठेवू नका. ब्लॉक मेणाचे असतात हे विसरून कोणीतरी पाकीट गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवतं; तसं करू नका. पैशांचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार बरोबर असू द्या आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, आधीच भेटा. मेडिक्लेम असेल तर एकच प्रश्न, पण तारीख ठरायच्या आधी: हे ओपीडीतलं छोटं काम म्हणून बिलात लागणार की डे-केअर म्हणून? क्लेम बऱ्याचदा इथेच अडतो, आणि नंतर काउंटरवर वाद घालून उपयोग नसतो.

आता फोटो. याच्याइतकी स्वस्त आणि याच्याइतकी हमखास राहून जाणारी दुसरी तयारी नाही. बायोप्सीची जागा दोन-तीन आठवड्यांत अशी भरून येते की ऑपरेशनच्या दिवशी ‘नेमकी कुठली?’ म्हणून रुग्ण, नातेवाईक आणि डॉक्टर तिघंही शोधत बसतात. डोक्याच्या टाळूवर, पाठीवर, कानामागे तर हे होतंच. म्हणून बायोप्सीच्या दिवशीच, नाही जमलं तर आज, दोन फोटो काढा. एक जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. दुसरा लांबून, ज्यात कान, भुवई, बेंबी अशी काहीतरी पक्की खूण दिसेल. मोबाइलमध्ये ते वेगळे ठेवा, नाहीतर ऐन वेळी लग्नाच्या फोटोंतून शोधावे लागतात. ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टर पेनने जागा आखतात. ‘हीच ना?’ असं विचारल्यावर आपण भिडेपोटी मान डोलावतो. तसं न करता आरसा मागा, जागा पाठीवर असेल तर त्यांनाच तुमच्या मोबाइलवर फोटो काढायला सांगा, बघा आणि मगच हो म्हणा. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही.

औषधांची यादी एका कागदावर लिहून न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन, यांच्यापाशी मोठा घोळ होतो. शेजारचे काका सांगतात, आठ दिवस आधी बंद करा. स्वतःच्या मनाने एकही बंद करू नका. कातडीवरच्या छोट्या ऑपरेशनसाठी त्या बहुतेक वेळा चालूच ठेवतात, कारण थोडं जास्त रक्त आलं तर ते थांबवता येतं, पण हृदयातला स्टेंट बंद पडला किंवा पक्षाघात झाला तर निस्तरणं कठीण. वॉरफॅरिन चालू असेल तर आदल्या काही दिवसांतला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा, रिपोर्ट लागतो. फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल, आयुर्वेदिक काढे, हेही यादीत लिहा. ‘ते काय औषध थोडंच आहे’ म्हणून नेमकं तेच सांगायचं राहतं. पेसमेकर असेल तर फोनवरच कळवा, कारण रक्तवाहिन्या बंद करायला विजेचं उपकरण वापरतात. पूर्वी बधिर करण्याच्या इंजेक्शनने त्रास झाला असेल, टेप लावल्यावर पुरळ येत असेल, साखर वाढलेली असेल, तर हे सगळंही आधी. आणि तंबाखू, सिगारेट, मिश्री आजपासून बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम झाकायला लावलेली कातडी काळी पडू शकते. मिश्रीला आपल्याकडे व्यसनात धरतच नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आत काय होतं ते माहीत असलं की भीती निम्मी होते. बहुतेक वेळा पूर्ण भूल लागत नाही, जागा बधिर करतात. सुई आणि औषध आत जाताना काही सेकंद चांगलंच झोंबतं, छातीत थोडं धडधडू शकतं, मग दुखणं जातं. ओढल्यासारखं, दाबल्यासारखं मात्र जाणवत राहतं. जळक्या केसासारखा वास येतो, तो त्या विजेच्या उपकरणाचा. गाठ नुसती खुडून काढत नाहीत, भोवतीची चांगली दिसणारी कातडीही घेतात. कमी धोक्याच्या बेसल सेलला साधारण ४ मिलिमीटर, स्क्वॅमसला ४ ते ६, मेलानोमाला त्याच्या जाडीप्रमाणे १ ते २ सेंटिमीटर, आणि जाडी जास्त असेल तर जवळची पहिली लसीका ग्रंथीही काढून तपासतात.

हे आकडे नीट समजून घ्या, कारण टाके बघून रडू येतं ते इथेच. गाठ १ सेंटिमीटरची, दोन्ही बाजूंनी ४ मिलिमीटर, म्हणजे रुंदी १.८ झाली. सरळ शिवायचं तर दोन्ही टोकं निमुळती करावी लागतात, नाहीतर कातडीला कोपऱ्यात फुगवटा येतो. लांबी रुंदीच्या तिप्पट धरली तर टाक्यांची रेघ साडेपाच सेंटिमीटरच्या जवळ जाते. ‘वाटाण्याएवढी गाठ आणि एवढं कापलं’ ही तक्रार दरवेळी ऐकू येते, पण त्यात डॉक्टरचं काही चुकलेलं नसतं. नाकावर, पापणीजवळ एवढी कातडी शिल्लक नसते, तिथे शेजारची कातडी सरकवतात किंवा कानामागून, मानेवरून तुकडा आणून लावतात. अशा जागी मोह्स पद्धतीबद्दल जरूर विचारा: एक पातळ थर काढायचा, लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, रोग उरला असेल तेवढ्याच बाजूने पुढचा थर. सगळीकडे ती सोय नसते. नसेल तर फ्रोझन सेक्शन, म्हणजे काढलेला तुकडा गोठवून ऑपरेशन चालू असतानाच तपासणं, करणार का, हे विचारा. या दोन्हींत मधे बसून राहावं लागतं, म्हणून डबा, पाणी आणि चार्जर घेऊन जा आणि दुपारची कुठलीही कामं ठरवू नका.

त्या सकाळी डोक्यावरून अंघोळ करा, कारण नंतर दोन दिवस ती जागा ओली करता येत नाही. क्रीम, पावडर, कुंकू, नेलपॉलिश काही नको. जागेवरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. चमकी, नथ, मंगळसूत्र घरीच ठेवून जा. पुढे बटणं असलेला सदरा किंवा ब्लाउज घाला, डोक्यातून काढावा लागेल असं काही नको. जागाच बधिर करणार असतील तर पोटभर नाश्ता करून जा, मधुमेह असेल तर नक्कीच. पूर्ण भूल देणार असतील तर सहसा ६ तास जेवण बंद आणि २ तास पाणी बंद, पण तुम्हाला सांगितलेली वेळ तीच खरी.

परतीचा विचार आधी करा. चेहऱ्यावर पट्टी घेऊन संध्याकाळच्या लोकलमध्ये शिरायचं नाही, कोणाचा कोपर कुठे लागेल सांगता येत नाही. स्कूटर नको, कपाळावर, कानाजवळ टाके असतील तर हेल्मेट चालत नाही आणि हेल्मेटशिवाय जायचं नाही. ठाण्याला यायचं तर रिक्षा किंवा टॅक्सी सांगून ठेवा, घोडबंदरचा ट्रॅफिक धरून वेळ काढा. पावसाळा असेल तर पट्टी भिजणार नाही अशी छत्री, तीही धरायला दुसऱ्या माणसासकट.

घरी दोन उश्या घेऊन झोपा, वाकून वजन उचलू नका. कपाळावरचं ऑपरेशन असेल तर दुसऱ्या दिवशी डोळा सुजून काळानिळा होतो, तो उतरतो. पट्टीतून रक्त आलं तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबा आणि घड्याळ लावून २० मिनिटं दाबून ठेवा. मधे उचलून बघायचं नाही, सगळे तिथेच फसतात. तरी थांबलं नाही तर सरळ रुग्णालय. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, बाकी गोळ्या विचारून. हळद, तूप, टूथपेस्ट जखमेपासून लांब. सांगितल्याप्रमाणे धुवून साधं व्हॅसलिन लावायचं. ‘जखम सुकू दे’ म्हणून उघडी टाकली तर खपली धरते आणि भरायला उलट वेळ लागतो. टाके चेहऱ्यावरचे ५ ते ७ दिवसांत काढतात, अंगावरचे १० ते १४ दिवसांत. लाली पसरत गेली, पू किंवा ताप आला तर तारखेची वाट बघू नका.

टाके निघाले म्हणजे संपलं असं समजून बरेच जण शेवटचा रिपोर्ट आणायलाच जात नाहीत. तो आणा आणि दोन गोष्टी विचारा: काढलेल्या तुकड्याच्या कडा आणि तळ दोन्ही रोगमुक्त आहेत का, आणि नसतील तर पुन्हा ऑपरेशन की रेडिएशन. त्याच भेटीत पुढच्या तपासणीची तारीख फाईलवर लिहून घ्या, पहिली दोन वर्षं सहसा दर ३ ते ६ महिन्यांनी असते. या रिपोर्टची प्रत आणि ते दोन फोटो जुन्या फाईलमध्येच लावा, कारण पुढच्या खेपेला टेबलापलीकडे कदाचित दुसरेच डॉक्टर असतील.