स्कीची परीक्षणे वाचावीत कशी

स्कीचे परीक्षण वाचताना पहिली नजर परीक्षकाच्या उंची-वजनावर आणि त्याच्या सरावाच्या पातळीवर टाकावी. ही माहिती दिलेलीच नसेल, तर पुढच्या स्तुतीला किंवा टीकेला फारशी किंमत देऊ नये. कडेवर, म्हणजे तळाच्या बाजूच्या धातूच्या किनारीवर, कललेली स्की वाकते आणि त्या वाकातून वळण घडते. ती किती वाकेल हे स्कीअरचे वजन, वेग आणि तंत्र यांवर ठरते. टायटॅनल या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे दोन पत्रे घातलेली स्की शर्यतींत मुरलेल्या ९० किलोच्या परीक्षकाला भरधाव वेगातही स्थिर वाटते. तीच स्की वर्षाकाठी एखादा आठवडा डोंगरावर जाणाऱ्या ६० किलोच्या माणसाला फळीसारखी ताठ लागते. दोघांचेही म्हणणे खरे असते, मात्र बहुतेक परीक्षणांत आपल्याला पहिल्याचेच ऐकायला मिळते.

त्यानंतर बर्फ कोणता होता ते पाहावे. अमेरिकेपुरते बोलायचे, तर युटामधील आल्टा किंवा स्नोबर्ड येथील कोरडा, हलका बर्फ, वॉशिंग्टन राज्यातील कॅस्केड पर्वतरांगेतला ओला, जड बर्फ आणि व्हरमाँटमधील किलिंग्टनसारख्या ठिकाणचा घट्ट, अनेकदा काचेसारखा गोठलेला उतार यांवर एकच स्की तीन प्रकारे वागते. पावडर, म्हणजे ताज्या, भुसभुशीत बर्फावर रुंद स्की अधिक क्षेत्रफळामुळे तरंगते. कठीण बर्फावर मात्र रुंद कमरेची (कंबर म्हणजे स्कीचा मधला, सर्वांत अरुंद भाग) स्की कडेवर आणायला वेळ लागतो, कारण तिची कड पावलाच्या मध्यापासून दूर असते, आणि त्याचा ताण घोट्यावर व गुडघ्यावर येतो. न्यू जर्सीत राहून पेनसिल्व्हेनियातील पोकोनोज डोंगरांत किंवा व्हरमाँटला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी, युटात तपासलेली १०५ मिलिमीटर कमरेची स्की ‘सर्वत्र चालणारी’ ठरली म्हणून ती मागवू नये. अशा उतारांवर साधारण ७५ ते ९० मिलिमीटरची कंबर अधिक उपयोगी पडते. परीक्षणातील ‘सर्वत्र’ हा शब्द वाचताना परीक्षकाच्या ‘सर्वत्र’मध्ये आपला डोंगर येतो की नाही, एवढे विचारले तरी पुरे.

लांबीची गफलत त्याहून सहज होते. परीक्षकाने १८४ सेंटिमीटरची स्की वापरलेली असते आणि वाचक १७० ची घेतो. पण लांबी बदलली की वळणाची त्रिज्या बदलते, वजन बदलते आणि कित्येक मॉडेलांत ताठपणाही बदलतो. कंपनीच्या तक्त्यात त्रिज्या प्रत्येक लांबीसाठी वेगळी दिलेली असते, ती स्वतः पाहावी. वजनाचा आकडा एका स्कीचा आहे की जोडीचा, हेही तपासावे.

कडांच्या धारेचा उल्लेख फार थोडी परीक्षणे करतात, आणि माझ्या मते अनेक परस्परविरोधी निष्कर्षांचे मूळ तिथेच असते. कारखान्यातून आलेल्या स्कीचा तळ कधीकधी सपाट नसतो. कडा तळापेक्षा किंचित बाहेर, बर्फाच्या बाजूला, राहिल्या, तर स्की सरळ घसरतानाही अडकते, आणि वळण सोडताना शेपूट, म्हणजे स्कीचे मागचे टोक, सुटत नाही. परीक्षक हा दोष मॉडेलच्या नावावर टाकतो. उलट, परीक्षणासाठी कंपनीने उत्तम धार लावून पाठवलेली जोडी बर्फाला जशी घट्ट धरते, तशी दुकानातली न घासलेली जोडी धरेलच असे नाही. म्हणून एकाच स्कीबद्दल एक जण ‘बोथट’ आणि दुसरा ‘कडक पकड’ म्हणत असेल, तर धार कोणी, कधी आणि किती अंशांची लावली होती, हे आधी शोधावे.

आता भाषेकडे. परीक्षणासाठीच्या स्की बहुधा कंपन्यांकडूनच येतात, आणि जाहिरातीही त्याच देतात. त्यामुळे ‘वाईट’ हा शब्द क्वचितच छापला जातो. ‘कुशल स्कीअरला न्याय देणारी’ म्हणजे चुका न खपवणारी, ‘खेळकर’ म्हणजे वेगात थरथरण्याची शक्यता असलेली, असा अर्थ मनाशी लावून पाहावा. विशेषणांपेक्षा तुलना कितीतरी उपयोगी ठरते. ‘ही त्या स्कीपेक्षा कडेवर लवकर येते, पण खडबडीत बर्फावर जास्त हादरते’ असे वाक्य सापडले, आणि त्यातली एक स्की आपण वापरलेली असली, तर मोजमापाला निदान एक टोक मिळते. दोष न सांगणारे परीक्षण बाजूला ठेवण्यास हरकत नाही.

बुटांच्या बाबतीत परीक्षणांचा उपयोग मर्यादित आहे. ताठपणाचा आकडा सर्व कंपन्यांना समान असा प्रमाणित नाही, त्यामुळे एकीचा ११० दुसरीच्या ११० सारखा असेलच असे नाही. परीक्षकाचे पाऊलही आपले नसते. बूट दुकानात पायात घालून, जाणकाराकडूनच घ्यावेत. बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला जोडणाऱ्या आणि पडल्यावर मोकळा करणाऱ्या पकडीची, सुटण्याची मर्यादा तर कोणत्याही लेखातून उचलू नये. ती वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्कीइंगची पद्धत पाहून तंत्रज्ञाने ठरवायची असते.

दोन-तीन नावे निश्चित झाली की डोंगरावरच्या दुकानातून ती भाड्याने घ्यावीत. स्वतःचेच बूट घालावेत, एकाच दिवशी, त्याच उतारावर, शक्य तितक्या कमी वेळात सगळी वापरून पाहावीत, कारण सकाळी कडक असलेला उतार दुपारी भुसभुशीत होतो. भाड्याच्या स्कीवरील सरकती बाइंडिंग बहुधा जड असते, तेवढा फरक मनात धरावा.

हंगामाच्या अखेरीस किंमत उतरलेली गेल्या वर्षीची स्की मिळत असेल, तर जुने परीक्षण लागू पडते का, हे तक्ता पाहून ठरवावे. पुष्कळदा वरचे चित्र तेवढे बदललेले असते. पण नाव तेच राहून स्की बदलल्याचीही उदाहरणे आहेत: फ्योल्कल कंपनीच्या मँट्रा या स्कीची कंबर १०० मिलिमीटर होती, ती एम५ या आवृत्तीत ९६ झाली. कंबर, त्रिज्या, वजन आणि उपलब्ध लांब्या हे चारही आकडे जुळले, तर ते परीक्षण निर्धास्तपणे वाचावे. एक जरी वेगळा निघाला, तर त्या वर्षाचे परीक्षण शोधावे.