टेबलटॉप बेसबॉल लीगची आकडेवारी आणि इतिहास: आधी कीर्द, मग खतावणी

फाशांवर आणि कार्डांवर खेळलेला बेसबॉलचा सामना संपला की टेबलावर त्याचे काहीही उरत नाही. मैदानावरच्या सामन्याची चित्रफीत असते, दुसऱ्या दिवशी त्याची बातमी छापून येते, तो पाहिलेली हजारो माणसे असतात. टेबलावरच्या सामन्याचे अस्तित्व मात्र आपण कागदावर जेवढे उतरवतो तेवढेच असते. त्यामुळे लीगची आकडेवारी ठेवणे हे खेळानंतरचे किरकोळ काम मानू नये. दहा हंगामांनंतर त्या लीगला काही इतिहास आहे की नाही, हे याच कामावर ठरते.

पद्धत सांगण्यासाठी जुन्या हिशेबनिसांचे दोन शब्द फार उपयोगी पडतात. कीर्द म्हणजे व्यवहार घडला त्या क्रमाने त्याची रोजची नोंद, आणि खतावणी म्हणजे त्या नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरवणे. बेसबॉलमध्ये प्रत्येक सामन्याचे स्कोअरशीट ही कीर्द होय. खेळाडूंची हंगामी आकडेवारी, गुणतक्ता आणि विक्रमांची यादी ही सर्व खतावणी होय. कीर्द शाबूत असेल तर बिघडलेली खतावणी केव्हाही पुन्हा उभी करता येते. उलट, स्कोअरशीट फेकून दिले आणि नुसत्या बेरजा ठेवल्या, तर त्यातली चूक कधीच शोधता येत नाही. पुढे जे काही सांगितले आहे ते सर्व या एका गोष्टीवर उभे आहे.

व्यावसायिक बेसबॉललाही हा धडा महागात पडला आहे. १९८९ मध्ये डेव्हिड स्मिथ यांनी रेट्रोशीट ही संस्था सुरू केली, ती जुन्या सामन्यांचे चेंडूगणिक नव्हे तरी खेळीगणिक (प्रत्येक बॅटरच्या पाळीत काय घडले याचे) तपशील गोळा करण्यासाठी. कारण अनेक जुन्या सामन्यांच्या केवळ बेरजा उरल्या होत्या आणि प्रत्यक्ष काय घडले याचा कागद हरवलेला होता किंवा कोणाच्या तरी कपाटात पडून होता. आपल्या लीगच्या बाबतीत ही शोधाशोध कोणावरही येऊ नये, एवढी काळजी पहिल्या सामन्यापासून घेता येते.

स्कोअरशीट कसे भरावे

क्षेत्ररक्षकांचे क्रमांक सर्वमान्य आहेत: पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा) २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, शॉर्टस्टॉप ६, आणि लेफ्ट, सेंटर व राइट फील्ड अनुक्रमे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून सेकंड बेसला दिला आणि तेथून तो फर्स्ट बेसला गेला, तर ती नोंद ६-४-३ अशी होते. स्ट्राइकआउटसाठी (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद होणे) ‘के’ हे अक्षर वापरतात; एकोणिसाव्या शतकात बॉक्स स्कोअर (सामन्याचा खेळाडूवार संक्षिप्त तक्ता) घडवणारे हेन्री चॅडविक यांनी ‘स्ट्रक’ या शब्दाचे शेवटचे अक्षर म्हणून ते निवडले. स्वतःची नवी चिन्हे तयार करण्याचा मोह टाळावा, कारण आपल्यानंतर हे कागद जो वाचेल त्याला ती कळणार नाहीत.

शीटच्या माथ्यावर तारीख, सामन्याचा हंगामातील क्रमांक, दोन्ही संघ, दोन्ही व्यवस्थापक, आणि एखादा संघ गैरहजेरीत दुसऱ्या कोणी किंवा संगणकाने खेळवला असल्यास तसा उल्लेख असावा. बदली खेळाडू कोणत्या इनिंगमध्ये (सामन्याच्या नऊ भागांपैकी कोणत्या भागात) आला हे नक्की लिहावे. बदली पिचर आला तेव्हा बेसवर कोण उभे होते हेही लिहावे. ते नसेल तर कोणती धाव कोणत्या पिचरच्या नावावर जाते हे नंतर ठरवता येत नाही, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक वाद याच जागी होतात.

आपला खेळ जे निर्माण करतो तेवढेच नोंदवावे. एपीबीए या टेबलटॉप खेळात, जो १९५१ पासून खेळला जातो, दोन फासे ११ ते ६६ असे वाचले जातात आणि छत्तीस शक्यतांतून निकाल निघतो. १९६१ पासूनच्या स्ट्रॅट-ओ-मॅटिक या दुसऱ्या खेळात पहिला फासा निकाल बॅटरच्या कार्डावर पाहायचा की पिचरच्या हे ठरवतो. दोन्हीकडे बॅटरची एक पूर्ण पाळी बहुधा एकाच फेकीत संपते. पिचरने किती चेंडू टाकले ही माहिती अस्तित्वातच येत नाही, म्हणून त्यासाठी रकाना करणे व्यर्थ आहे. स्ट्रॅट-ओ-मॅटिकमध्ये निकाल कोणाच्या कार्डावर वाचला गेला हे मात्र एका छोट्या खुणेने टिपून ठेवावे असे मी सुचवीन. मैदानावरच्या बेसबॉलमध्ये ही नोंद असूच शकत नाही, आणि एखादा पिचर स्वतःच्या कार्डामुळे मार खातो आहे की समोरच्या बॅटरांच्या, हे तिच्यातून हंगामाच्या शेवटी स्पष्ट दिसते.

ताळा त्याच दिवशी

सामना संपल्यावर शीट फाइलमध्ये जाण्यापूर्वी त्याचा ताळा जुळवलाच पाहिजे. फलंदाजीला आलेल्या प्रत्येक खेळाडूचे शेवटी तीनपैकी एकच काहीतरी होते: तो धाव पूर्ण करतो, बाद होतो किंवा इनिंग संपताना बेसवर उरतो. म्हणून एका संघाचे सर्व प्लेट अपिअरन्स (बॅटर फलंदाजीला आल्याच्या एकूण वेळा) हे त्या संघाच्या धावा, बेसवर उरलेले खेळाडू आणि बाद झालेले खेळाडू यांच्या बेरजेइतके असलेच पाहिजेत. समजा, पाहुण्या संघाचे अ‍ॅट-बॅट (वॉक, चेंडू लागणे आणि सॅक्रिफाइस वगळून उरलेल्या वेळा) ३४, वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे मिळालेला बेस) ३, चेंडू लागून बेस मिळालेला १ आणि सॅक्रिफाइस फ्लाय (स्वतः झेलबाद होऊन साथीदाराला धाव मिळवून देणारा उंच फटका) १ आहे. एकूण ३९ झाले. त्या संघाच्या धावा ५, बेसवर उरलेले ७ आणि बाद २७. येथेही ३९ आले. जुळले नाही तर सामना अजून सर्वांच्या डोक्यात ताजा असतो आणि राहून गेलेला वॉक दोन मिनिटांत सापडतो. तीच चूक तीन महिन्यांनी शोधायला बसले तर संपूर्ण संध्याकाळ जाते आणि शेवटी अंदाज करावा लागतो. यजमान संघ आघाडीवर असल्याने नवव्या इनिंगचा उत्तरार्ध खेळला गेला नसेल, तर त्या संघाचे बाद २४ येतील, हे लक्षात ठेवावे.

दुसरा ताळा दोन संघांमधला आहे. एका संघाच्या बॅटरांचे हिट (फटका मारून गाठलेला बेस), वॉक, होमरन आणि स्ट्राइकआउट समोरच्या संघाच्या पिचरांच्या खात्यावर तेवढेच दिसले पाहिजेत. हाच नियम संपूर्ण लीगलाही लागू पडतो: एकूण विजय आणि एकूण पराभव समान, केलेल्या धावा आणि दिलेल्या धावा समान. दर आठवड्याला या बेरजा पाहिल्या तर चूक त्या आठवड्यापुरतीच शोधावी लागते. येथे एक सूक्ष्म अपवाद आहे. क्षेत्ररक्षकाची चूक झालेल्या इनिंगमध्ये मधूनच बदली पिचर आला, तर त्याच्या नावावर अर्न्ड रन (क्षेत्ररक्षकांच्या चुकीशिवाय झालेली, पिचरच्या खात्यावर जाणारी धाव) लागू शकतो आणि तीच धाव संघाच्या हिशेबात अनअर्न्ड राहू शकते. त्यामुळे पिचरांच्या अर्न्ड रनची बेरीज संघाच्या आकड्यापेक्षा किंचित जास्त आली तर ती लगेच चूक समजू नये.

खतावणीत काय साठवावे

स्प्रेडशीटमध्ये एका खेळाडूची एका सामन्यातील कामगिरी एका ओळीत ठेवावी आणि हंगामाच्या बेरजा सूत्राने काढाव्यात. बेरजेच्या रकान्यात हाताने आकडे लिहू लागलो की कीर्द आणि खतावणी यांचा संबंध तुटतो.

साठवायचे ते मोजलेले आकडे. सरासरी कधीही साठवू नये. पहिल्या महिन्यात १० अ‍ॅट-बॅटमध्ये ४ हिट आणि दुसऱ्यात ९० मध्ये १८ हिट असतील, तर त्या दोन महिन्यांच्या सरासऱ्या ०.४०० आणि ०.२०० आहेत. त्यांचा मध्य काढला तर ०.३०० येतो, आणि खरी सरासरी १०० मध्ये २२ म्हणजे ०.२२० आहे. ही चूक वाचताना अशक्य वाटते, पण महिन्याचे तक्ते एकत्र करताना ती सहज होते.

पिचरच्या इनिंगबाबत तर अधिकच जपावे. ६.१ म्हणजे सहा इनिंग आणि एक बाद, ५.२ म्हणजे पाच इनिंग आणि दोन बाद. स्प्रेडशीट यांची बेरीज ११.३ करते, जेव्हा ती बरोबर १२ आहे. उपाय सोपा आहे: इनिंग न लिहिता बाद केलेले खेळाडू लिहावेत, येथे १९ आणि १७, म्हणजे ३६. अर्न्ड रनची सरासरी काढण्यासाठी अर्न्ड रनला २७ ने गुणून बाद केलेल्यांच्या संख्येने भागावे. ५ अर्न्ड रन असतील तर १३५ भागिले ३६, म्हणजे ३.७५.

क्रमवारी लावताना पूर्ण दशांश वापरावेत आणि तीन अंकांपर्यंतचे रूप केवळ दाखवण्यासाठी ठेवावे. १९४९ मध्ये अमेरिकन लीगचा (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या, म्हणजे मेजर लीगच्या, दोन शाखांपैकी एक) फलंदाजीचा मान जॉर्ज केल यांना ५२२ मध्ये १७९ हिटवर मिळाला आणि टेड विल्यम्स यांचे ५६६ मध्ये १९४ हिट मागे पडले. तीन अंकांत दोघेही ०.३४३ आहेत, फरक चौथ्या अंकात आहे. आपल्या लीगमध्येही असा हंगाम येऊ शकतो, आणि तेव्हा कोणाला तरी मान द्यायचा असतो.

मान मिळण्यासाठी किमान पात्रता हंगाम सुरू होण्यापूर्वीच लिहून ठेवावी. मेजर लीगमध्ये १९५७ पासून संघाच्या प्रत्येक सामन्यामागे ३.१ प्लेट अपिअरन्स हा निकष आहे, म्हणजे १६२ सामन्यांना ५०२. पिचरसाठी प्रत्येक सामन्यामागे एक इनिंग. आपला हंगाम ४० सामन्यांचा असेल तर हेच १२४ प्लेट अपिअरन्स आणि ४० इनिंग होतात. कार्डावरचा खेळाडू प्रत्यक्षात जितका खेळला त्यापेक्षा जास्त त्याला खेळवू नये असा नियम अनेक लीगमध्ये असतो. त्यासाठी उरलेल्या अ‍ॅट-बॅटचा रकाना प्रत्येक व्यवस्थापकाला सतत दिसेल असा ठेवावा.

आकडे अपेक्षेपेक्षा वेगळे आले की कार्डांवर किंवा फाशांवर शंका घेतली जाते. ०.३०० च्या बॅटरला ५०० अ‍ॅट-बॅटमध्ये केवळ नशिबाने होणारा प्रमाण विचलनाएवढा फरक सुमारे ०.०२० असतो. साधारण तीनपैकी एका हंगामात तो ०.२८० च्या खाली किंवा ०.३२० च्या वर जाणारच. हे सर्वांना आधी समजावून सांगितले तर नोंदणीवरचा अविश्वास बराच कमी होतो.

इतिहास

एकाच नावाचे दोन खेळाडू येतात तेव्हा नावावर चालणारी खतावणी कोसळते. फ्रँक थॉमस नावाचे दोन प्रसिद्ध बॅटर वेगवेगळ्या काळात झाले, आणि २००० सालच्या न्यूयॉर्क मेट्स संघात बॉबी जोन्स नावाचे दोन पिचर एकाच वेळी होते. म्हणून प्रत्येक खेळाडूला पहिल्या दिवशीच एक न बदलणारा क्रमांक द्यावा आणि कार्ड कोणत्या वर्षाचे आहे ते वेगळ्या रकान्यात ठेवावे. हंगामाच्या मध्यात खेळाडू दुसऱ्या संघाकडे गेला तर त्याच्या दोन ओळी राहतात, प्रत्येक संघासाठी एक. बेरीज तिसऱ्या ठिकाणी होते. संघांचेही तसेच आहे: नाव बदलले, व्यवस्थापक बदलला, तरी संघ तोच की नवा, हे त्याच वेळी ठरवून लिहावे.

प्रत्येक हंगामासाठी एक स्वतंत्र पान असावे. त्यावर अंतिम गुणतक्ता, व्यवस्थापकांची नावे, खेळाडूंचे सर्व व्यवहार तारखांसह, पुरस्कार आणि त्यांची मते, आणि त्या हंगामाचे नियम नोंदवावेत. नियम वगळले जातात, आणि नेमके तेच पुढे हवे असतात. १९६१ मध्ये रॉजर मॅरिस यांनी ६१ होमरन मारले तेव्हा बेब रुथ यांच्या १९२७ च्या ६० शी तुलना कशी करावी हा वाद पेटला, कारण हंगाम १५४ वरून १६२ सामन्यांचा झाला होता. आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी वेगळी नोंद ठेवण्याचा आग्रह धरला आणि १९९१ मध्ये कोठे मॅरिस यांचा विक्रम एकट्याचा मानला गेला. हंगामाची लांबी, कार्डांचा संच किंवा बंटिंगचा (चेंडू बॅटने हलकेच अडवण्याचा) नियम बदलला, तर विक्रमाच्या शेजारी हंगामाचा क्रमांक असू द्यावा. वाचणारा पान उघडून स्वतः पाहील. प्लेऑफचे आकडे नियमित हंगामात कधीही मिसळू नयेत.

सलग सामन्यांत हिट मारण्याचा विक्रम ठेवायचा असेल तर सामन्यागणिक ओळी लागतातच. त्याचा अधिकृत नियमही माहीत असावा: एखाद्या सामन्यात खेळाडूला केवळ वॉक मिळाले, चेंडू लागला किंवा त्याने सॅक्रिफाइस बंट (स्वतः बाद होऊन साथीदाराला पुढे सरकवणारा बंट) केला, तर मालिका तुटत नाही; सॅक्रिफाइस फ्लाय असून हिट नसेल तर तुटते.

शेवटी दुरुस्त्यांची वही. टाय कॉब यांचे ४१९१ हिट कित्येक दशके प्रमाण मानले गेले, आणि नंतर १९१० मधला एक सामना दोनदा मोजला गेल्याचे आढळल्याने अनेक संदर्भांत आता ४१८९ दिसतात. हॅक विल्सन यांचे १९३० चे आरबीआय (बॅटरच्या फलंदाजीमुळे झालेल्या धावा) १९० होते, ते १९९९ मध्ये १९१ झाले. चूक उशिरा सापडली तरी ती दुरुस्त करावी, मात्र जुना आकडा खोडून टाकू नये. जुना आकडा, नवा आकडा, कोणत्या स्कोअरशीटवरून बदल झाला, कोणी केला आणि कधी, एवढे पाच तपशील एका ओळीत लिहावेत.

सर्व तक्त्यांची साध्या मजकुराच्या स्वरूपातली एक प्रत हंगामाच्या शेवटी काढावी, कारण आजचा प्रोग्राम वीस वर्षांनी उघडेलच असे नाही. स्कोअरशीटची छायाचित्रे काढून ती हंगाम आणि सामना क्रमांकाच्या नावाने ठेवावीत, आणि संपूर्ण संच लीगमधल्या किमान दोन माणसांकडे असावा. त्यांपैकी एकाला दरवर्षी एखादा जुना सामना निवडून, फक्त शीटवरून, त्याचा बॉक्स स्कोअर पुन्हा तयार करायला सांगावे. तो खतावणीशी जुळला नाही, तर त्या हंगामाची सर्व शीट नव्याने तपासायला घ्यावीत.