संशोधन-विकासाचा आराखडा आखताय? या चुका टाळा

परभणीच्या कृषी विद्यापीठातला एखादा विभाग असो, वाळूजमधला सुटे भाग बनवणारा कारखाना असो, जालन्याची बियाणे कंपनी असो की लातूरकडची शेतकरी उत्पादक कंपनी, नव्या तंत्रज्ञानावर काम करायचं ठरलं की कागदावर सगळ्यात आधी उतरतं ते कामांचं वेळापत्रक. जूनमध्ये खरेदी, ऑगस्टमध्ये प्रोटोटाइप, मग शेतावर चाचणी, शेवटी प्रसार. खर्चाचे रकाने भरले जातात आणि प्रस्ताव पुढे सरकतो. आपल्याला अजून काय माहीत नाही, याचा रकाना मात्र त्यात बहुतेक वेळा नसतो.

गोदाम बांधायचं असेल तर असा कागद चालतो, कारण गोदामं आधी असंख्य वेळा बांधून झालेली असतात. संशोधनात बऱ्याच गोष्टी फसणार हे धरूनच चालावं लागतं. म्हणून इथे क्रम लावायचा तो कामांचा नव्हे, शंकांचा. कोणती शंका फिटली तर आपला निर्णय बदलेल आणि ती फेडायला किती पैसा, किती वेळ लागेल, हे आधी पाहायचं. पुढच्या बहुतेक चुका हे न पाहिल्यामुळेच होतात.

सोपं काम आधी, अवघड शंका शेवटी

सगळ्यात महाग पडणारी चूक ही आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

समजा, एका गटाला कापसासाठी जमिनीतली ओल मोजणारा स्वस्त सेन्सर बनवायचा आहे. शंका तीन आहेत. शेतकरी त्यासाठी पैसे मोजतील का? आपल्या काळ्या भारी जमिनीत तो खरा आकडा दाखवेल का? त्याचं कवच आणि बॅटरी अख्खा पावसाळा टिकेल का? बहुतेक गट कवचापासून सुरुवात करतात, कारण ते कसं करायचं हे ठाऊक असतं आणि आढावा बैठकीत दाखवायला हातात वस्तू येते.

खरी ग्यानबाची मेख जमिनीत असते. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. भेग नेमकी सेन्सरच्या दांडीलगत पडली की मध्ये हवा शिरते आणि शेजारी ओल असूनही आकडा कमी येतो. प्रयोगशाळेत चाळलेल्या मातीच्या कुंडीत हे कधीच दिसत नाही.

आता हिशोब करू. आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत. ग्राहकाची चाचणी १० हजारांत होते आणि ती नापास होण्याची शक्यता ६० टक्के. जमिनीतल्या चाचणीला ४० हजार, नापास होण्याची शक्यता ५० टक्के. कवच-बॅटरीला १ लाख, शक्यता २० टक्के. तिन्ही पास झाल्या तरच प्रकल्प पुढे जाणार आहे; एक नापास झाली की तिथेच थांबायचं, पुढची चाचणी करायची नाही. कवचापासून सुरुवात केली, मग जमीन आणि शेवटी ग्राहक असा क्रम ठेवला, तर सरासरी खर्च येतो १ लाख ३६ हजार. क्रम उलटा केला तर आधी १० हजार खर्च होतात. पुढे जाण्याची शक्यता ४० टक्के, म्हणून ४० हजारांतले सरासरी १६ हजार. त्यापुढे जाण्याची शक्यता २० टक्के, म्हणून १ लाखातले २० हजार. एकूण ४६ हजार. चाचण्या त्याच, अंतिम निर्णयही तोच, फक्त क्रम बदलला.

नियम सोपा आहे. प्रत्येक चाचणीच्या खर्चाला नापास होण्याच्या शक्यतेने भागा. ज्याचं उत्तर लहान, ती चाचणी आधी. वेळेची अडचण असेल तर खर्चाच्या जागी दिवस घाला.

या टक्केवाऱ्या आणायच्या कुठून, असं कुणीही विचारेल. गटातल्या चार-पाच जणांना वेगवेगळं बसवून आकडा लिहून द्यायला सांगा, चर्चा नंतर करा. वरिष्ठांनी आधी तोंडी आकडा सांगितला की बाकीचे त्याच्या आसपासच बोलतात. एकाने २० लिहिले आणि दुसऱ्याने ८०, तर हा फरक फार मोलाचा आहे. त्यातल्या एकाला असं काही माहीत आहे जे दुसऱ्याला नाही. सरासरी काढण्याआधी ते काय आहे ते विचारा.

ग्राहकाच्या चाचणीबद्दलही एक सांगतो. “यंत्र आवडलं का?” असं बांधावर विचारलं तर आलेल्या पाहुण्याला कुणी नाही म्हणत नाही. पाचशे रुपये आगाऊ घेऊन नाव नोंदवायला सांगा. जितक्यांनी पैसे दिले तितकेच तुमचे ग्राहक.

एका हंगामावरून निकाल लावणं

मराठवाड्यात ही चूक फार सहज होते, कारण कोरडवाहू पिकावर वर्षाला एकच खरीप चाचणी मिळते आणि अहवाल तर द्यायचाच असतो. २०१५ चा दुष्काळ आठवा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं आणि त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस अतिवृष्टीने मांजरा धरण भरलं. २०१५ मध्ये जे वाण किंवा पेरणीची जी पद्धत पहिली आली असती, ती पुढच्याच वर्षी साचलेल्या पाण्यात मागे पडण्याची शक्यता होती.

उपाय म्हणून दरवेळी पाच वर्षं थांबता येत नाही. पण प्रत्येक पर्यायासमोर तीन रकाने तरी करा: पाऊस तुटला तर काय, मधला पडला तर काय, धो धो कोसळला तर काय. मग सरासरीत पहिला येणारा पर्याय शोधण्याऐवजी तिन्ही वर्षांत तग धरणारा शोधा. रुंद वरंब्यावर पेरून दोन्ही बाजूंना सरी ठेवण्याची पद्धत, म्हणजे रुंद वरंबा सरी, हे याचं चांगलं उदाहरण आहे. पाऊस कमी झाला तर वरंब्यात ओल धरून राहते, जास्त झाला तर जादा पाणी सरीतून निघून जातं. एखाद्या ठरावीक वर्षात तिच्यापेक्षा सरस पद्धत सापडेलही, पण कोणतं वर्ष वाट्याला येणार हे जूनमध्ये कुणालाच माहीत नसतं.

निधी उशिरा आला, पेरणी हुकली, मग वर्ष वाया गेलं असं समजून हात बांधून बसू नका. पावसावर न अवलंबणाऱ्या शंका तेव्हाच उरकाव्यात: सुट्या भागांची झीज, पुरवठादार, किंमत, जुन्या हंगामांच्या नोंदींशी ताळा. शंकांची यादी आधीपासून तयार असेल तरच हे जमतं.

संकटात प्रयोग, पण तुलना नाही

२०१५ च्या ऑगस्टमध्ये औरंगाबादहून विमानाने कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला. लोक पाण्यासाठी तळमळत होते आणि सरकारने काहीतरी करावं ही अपेक्षा रास्तच होती. पण ढगावर फवारणी केली आणि नंतर पाऊस पडला, तर तो फवारणीमुळे पडला की पडणारच होता, हे एकट्या त्या ढगाकडे पाहून सांगता येत नाही.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूरला केलेल्या प्रयोगाची आखणी वेगळी होती. २०१७ ते २०१९ या काळात २७६ ढग अभ्यासले गेले. कशावर फवारणी करायची आणि कोणते तसेच सोडायचे, हे चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने ठरवलं होतं. वाऱ्याच्या दिशेने सुमारे १०० चौरस किलोमीटर भागात पाऊस सरासरी १८ टक्के वाढल्याचा निष्कर्ष त्यातून निघाला. फवारणीजोगे ढगच नसतील तर उपयोग नाही, हेही स्पष्ट झालं. धोरण ठरवणाऱ्याला असं उत्तर कामाला येतं.

म्हणून घाईतही थोडे प्लॉट, थोडी गावं, थोडी यंत्रं मुद्दाम जुन्या पद्धतीवर ठेवा. ज्यांना नवीन मिळालं नाही ते नाराज होतील, हे खरं आहे. त्यांना पुढच्या हंगामात आधी देण्याचं वचन द्या आणि ते पाळा.

सगळ्या प्रकल्पांना एकच तक्ता

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होत आहे. २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये सुमारे २,६०० कोटींची पूर्ण मंजुरी. अशा कामाला आणि पेरणीयंत्राचा दाता सुधारण्याच्या कामाला एकाच गुणतक्त्यात बसवलं, तर ‘लवकर फायदा’ या एका रकान्यामुळे पहिलं काम कायम तळाला जाईल. लांब पल्ल्याच्या कामाचा वाटा आधीच वेगळा काढा आणि प्रत्येक वाट्याच्या आत क्रम लावा.

तक्त्यात एकाला ७.४ आणि दुसऱ्याला ७.२ गुण मिळाले म्हणून पहिला श्रेष्ठ ठरत नाही. निकषांचं वजन थोडं हलवून पाहा. क्रम उलटत असेल तर दोघे बरोबरीचे समजा आणि त्यातला जो अर्ध्यावर थांबवला तरी कमी नुकसान होईल, तो घ्या.

खात्री होईपर्यंत थांबणं

थांबण्यालाही किंमत असते आणि ती कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा एनएचएच ४४ हा संकरित वाण एकेकाळी कोरडवाहू शेतकऱ्याचा आवडता होता. २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली आणि खासगी बीटी वाणांनी काही वर्षांत शिवार व्यापलं. नांदेड ४४ चं, म्हणजे याच एनएचएच ४४ चं, बीटी रूप महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळाच्या साथीने आलं, पण त्याला दीड दशकाहून जास्त काळ गेला. तोवर गुलाबी बोंडअळी त्या जनुकांना दाद देईनाशी झाली होती. २०१७ च्या हंगामाने ते सगळ्यांना दाखवून दिलं.

तंत्रज्ञान दुसऱ्याच्या मालकीचं होतं, तेव्हा दोष एका संस्थेचा नव्हे. पण आपल्याकडे चांगलं वाण असूनही शेतकऱ्याला ते हवं तेव्हा मिळालं नाही, याचं वाईट वाटतं. एखादी गोष्ट अनिश्चित असेल तर तिच्यावर लहान रक्कम लावून दार उघडं ठेवता येतं: करार, नमुने, शिकलेला एक माणूस. मोठा निर्णय नंतर घ्या, पण तो घेता येईल अशी सोय आज करा.

आराखडा आधीच अडकला असेल तर

सगळेच प्रकल्प ‘प्रथम प्राधान्य’ असतील तर निधी तीस टक्क्यांनी कापला असं धरून यादी पुन्हा करायला लावा. प्राधान्य तेव्हा कळतं.

प्रकल्प वर्षभर ‘९० टक्के पूर्ण’ असेल तर उरलेल्या दहा टक्क्यांत कोणती शंका दडली आहे ते विचारा. बहुधा ती पहिल्या दिवशीच तपासायला हवी होती.

सगळ्या चाचण्या पास होत असतील तर काळजी करा. एक तर चाचण्या सोप्या आहेत, नाहीतर नापास निकाल कुणी वर पाठवत नाही. थांबवण्याची अट सुरुवातीलाच लिहून, तारीख घालून सही करून ठेवा: “१५ ऑक्टोबरपर्यंत भेगाळलेल्या जमिनीत चूक १० टक्क्यांच्या आत आली नाही तर काम बंद.” मार्चअखेर पैसे संपवायचे आहेत, आजवर इतका खर्च झाला आहे, ही कारणं या अटीपुढे चालू देऊ नका. आणि जो गट वेळेवर थांबला त्याच्या प्रमुखाला पुढचा प्रकल्प आधी द्या, नाहीतर पुन्हा कुणी खरा निकाल सांगणार नाही.