जुन्या डीव्हीआरचे कॅमेरे आजच्या ब्राउझरमध्ये कसे बघावेत

क्रोममध्ये डीव्हीआरचा, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याचा, आयपी पत्ता टाकला, लॉगिन झालं, मेनूही आला. पण कॅमेऱ्यांच्या जागी काळा चौकोन आणि खाली 'प्लगइन डाउनलोड करा'. ती फाइल दहादा बसवा, क्रोमला फरक पडत नाही. जुन्या डीव्हीआरला अ‍ॅक्टिव्हएक्स लागतं, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं जुनं प्लगइन तंत्र, आणि ते विंडोजवरच्या इंटरनेट एक्सप्लोररपुरतंच होतं. क्रोममध्ये चालणारे एनपीएपीआय नावाच्या दुसऱ्या जुन्या पद्धतीचे प्लगइनही 2015 मध्ये बंद झाले. मॅकवर किंवा मोबाइलवर तर या पानाच्या नादी लागूच नका.

'जुनं क्रोम शोधून टाका' म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. गरज नाही. एक्सप्लोरर जून 2022 मध्ये निवृत्त झाला, तरी त्याचं इंजिन विंडोजच्या एज ब्राउझरमध्ये 'एक्सप्लोरर मोड' म्हणून आहे आणि निदान 2029 पर्यंत ते चालू ठेवू, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय.

एजच्या सेटिंग्जमध्ये 'डिफॉल्ट ब्राउझर' उघडा, एक्सप्लोरर मोडला 'अलाऊ' करा, तिथल्याच यादीत डीव्हीआरचा पत्ता घाला, एज रीस्टार्ट करा.

बहुतेक जण अडकतात ते इथून पुढे. पान एक्सप्लोरर मोडमध्ये उघडतं, चौकोन मात्र काळाच. कंट्रोल पॅनेलमधून 'इंटरनेट ऑप्शन्स' उघडा, 'सिक्युरिटी'मध्ये 'ट्रस्टेड साइट्स' निवडा आणि 'साइट्स' दाबा. डीव्हीआरचा पत्ता बहुधा साध्या एचटीटीपीचा असतो, म्हणून खालची एचटीटीपीएसची सक्ती करणारी टिक आधी काढा. नाहीतर पत्ता घेतच नाही. मग 'कस्टम लेव्हल'मध्ये अनसाइन्ड (डिजिटल सही नसलेल्या) अ‍ॅक्टिव्हएक्स डाउनलोडला 'प्रॉम्प्ट' द्या, 'इनेबल' नको. 'सेफ' अशी खूण नसलेल्या अ‍ॅक्टिव्हएक्सच्या ओळीलाही तेच.

हे बदल फक्त 'ट्रस्टेड साइट्स'मध्ये करा. शेजारच्या 'इंटरनेट' झोनमध्ये करायला सांगणारे व्हिडिओ पाहिले की डोकं फिरतं. तसं केलं तर एक्सप्लोरर मोडमध्ये उघडलेली कुठलीही साइट तुमच्या पीसीवर हात मारू शकते. अँटीव्हायरस बंद करायचंही काही कारण नाही.

आता प्लगइनची फाइल डीव्हीआरच्याच पानावरून उतरवा, एजच्या सगळ्या खिडक्या बंद करा, फाइल 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने बसवा. पान पुन्हा उघडल्यावर परवानगी विचारेल, ती द्या.

एजच्या यादीतली नोंद 30 दिवसांनी गळून पडते. महिन्याने चित्र गेलं तर कॅमेरेवाल्याला बोलावू नका, पत्ता पुन्हा घाला. आणि डीव्हीआरला स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी द्या, नाहीतर राउटर बंद-चालू झाल्यावर दोन्ही याद्या नव्याने भरत बसाल.