ड्युटीचा आवाज उंबऱ्याबाहेर कसा ठेवायचा

लातूर-नांदेड गाडीवर मी वाहक आहे. चाकूर, अहमदपूर, लोहा, प्रत्येक थांब्यावर “पुढं सरका, तिकीट बोला!” गोंगाटात आवाज आपसूक चढतो. एत्येन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरांनी 1911 मध्ये हे मांडलं, म्हणून याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. तीच चढी पट्टी घरी आली की लेकरांना वाटतं, आई चिडलीय.

म्हणून डेपोत कॅश भरली की थोडा वेळ गप्प बसा. कोमट पाणी घोटाघोटानं प्या. मग ओठ मिटून हलकं गुणगुणा. ओठांना मुंग्या आल्यागत वाटलं की जमलं. कुजबुजू मात्र नका, त्यानंही घशावर ताण येऊ शकतो.

घरात पाऊल टाकताच टीव्ही बारीक करा. हे केलं नाही तर बाकीचं सगळं वाया. आतल्या खोलीतून हाका मारू नका, जवळ जाऊन बोला. आमच्या आत्याबाईंना कमी ऐकू येतं. त्यांच्या समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश विचारते, “आत्याबाई, जेवलाव का?” ओरडण्यापेक्षा हे त्यांना लवकर कळतं.

आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवाच.