मुलांसाठी नवी मराठी गोष्ट शोधताना या चुका टाळा

मराठीत मुलांसाठी नवे काही येतच नाही, ही तक्रार पुस्तकांच्या दुकानात थोडा वेळ उभे राहिले की हमखास कानावर पडते, आणि ती करणाऱ्याच्या हातात बहुधा त्याने स्वतः शाळेत असताना वाचलेलेच पुस्तक असते. इंग्रजीच्या मानाने मराठीत मुलांच्या कथा-कादंबऱ्या कमी निघतात हे खरे आहे. परंतु ज्या निघतात त्याही घरापर्यंत पोहोचत नाहीत, आणि त्यात दुकानदाराइतकाच दोष आपल्या शोधण्याच्या पद्धतीचाही असतो.

नव्याकोऱ्या मुखपृष्ठावर विसंबणे

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे 2017 साली चित्रपटातून आला, तेव्हा ज्या मुलांनी तो प्रथम पडद्यावर पाहिला त्यांना तो नवाच वाटला असल्यास नवल नाही. प्रत्यक्षात भागवतांचा जन्म 1910चा, आणि फुरसुंगीचा हा बनेश फेणे आजच्या मुलांच्या आजी-आजोबांच्या बालपणापासून सायकल दामटत आलेला आहे. जुने पुस्तक वाईट असते असे मुळीच नाही. फक्त ते नवे समजून घेऊ नये, कारण त्यातील आणे, तारा आणि ट्रंककॉल समजावून सांगायला कोणीतरी शेजारी बसावे लागते.

पुस्तकाचे वय मुखपृष्ठावरून नव्हे, तर आतल्या पानावरून कळते. प्रकाशक, मुद्रक आणि किंमत जिथे छापलेली असते त्या पानावर ‘पहिली आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ यांची साले वेगवेगळी दिलेली असतात. त्याच पानावर किंवा त्याच्या आसपास ‘अनुवाद’, ‘रूपांतर’, ‘संक्षिप्त आवृत्ती’ असा शब्द आहे का, तेही पाहावे. तीनशे पानांच्या परदेशी कादंबरीचे साठ पानांत उरकलेले रूपांतर आणि मूळ कादंबरीचा पूर्ण अनुवाद यांची मुखपृष्ठे सारखीच भपकेदार असू शकतात, आणि पहिल्यामुळे निराश झालेले मूल दुसऱ्याला हात लावत नाही.

मूल नायक आहे, म्हणून पुस्तक मुलांचे आहे असे मानणे

प्रकाश नारायण संत यांचा लंपन हा मराठीतल्या अत्यंत लोभस मुलांपैकी एक आहे. ‘वनवास’ हा त्याच्या कथांचा पहिला संग्रह 1994 साली आला. तरीही या कथा मुलांसाठी म्हणून लिहिलेल्या नाहीत. मोठ्यांनी आपल्या बालपणाकडे वळून पाहताना जी हुरहुर वाटते, ती त्यांच्या मुळाशी आहे आणि नऊ वर्षांच्या मुलाकडे ती असण्याचे काही कारण नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या संवेदनशील वाचकाला हेच पुस्तक आयुष्यभर पुरेल, हेही तितकेच खरे.

याच्याशी जोडूनच येणारी चूक म्हणजे मुलाने गोष्ट मागितली असताना त्याच्या हाती चरित्र ठेवणे. संशोधकांची, क्रांतिकारकांची, खेळाडूंची चरित्रे घरात अवश्य असावीत. परंतु ज्याला भुताची, पळून जाण्याची, हरवलेल्या कुत्र्याची गोष्ट हवी आहे त्याला प्रेरणादायी जीवनपट देणे म्हणजे भूक लागलेल्याला च्यवनप्राश देण्यासारखे आहे. आपल्याकडे पुस्तकातून संस्कार व्हावेत ही अपेक्षा इतकी खोलवर रुजलेली आहे की निव्वळ मजेसाठी लिहिलेल्या कादंबरीकडे खरेदी करणाऱ्याचे लक्षच जात नाही, आणि मग तशी कादंबरी छापणाऱ्याचाही उत्साह ओसरतो.

वयोगटाच्या शिक्क्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणे

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. ‘8 ते 12 वर्षे’ असा शिक्का मुलाची समज आणि त्याचा मराठी वाचण्याचा वेग सारखाच आहे असे गृहीत धरून मारलेला असतो. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मुलांच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही, आणि अमेरिकेत किंवा जर्मनीत वाढणाऱ्या, घरी अस्खलित मराठी बोलणाऱ्या परंतु जोडाक्षरांपाशी अडखळणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर अजिबात टिकत नाही. अकरा वर्षांच्या मुलीला रहस्यकथा हवी असते, पण तिला झेपते ते सात वर्षांच्या मुलांचे वाक्य. मग तिच्या हाती ससा आणि कासव दिले जाते, तिला अपमान वाटतो आणि मराठी पुस्तके बाळबोध असतात असा तिचा ग्रह कायमचा होतो.

अशा वेळी समजेला साजेशी गोष्ट निवडावी आणि वाचनाचा भार आपण उचलावा. पहिली दोन प्रकरणे मोठ्याने वाचून दाखवावीत, पात्रांची नावे आणि बोलण्याची ढब कानात बसली की पुस्तक मुलाच्या हाती द्यावे. पुढचा मजकूर आश्चर्य वाटावे इतका सोपा जातो, कारण अवघड शब्दांपैकी बरेचसे शब्द सुरुवातीलाच येऊन गेलेले असतात. पुस्तक घेण्यापूर्वी मधलेच एखादे पान उघडून मुलाला वाचायला सांगावे आणि अडलेला प्रत्येक शब्द बोटावर मोजावा. एका पानात पाचही बोटे संपली, तर ते पुस्तक एकट्याने वाचण्याचे नसून सोबतीने वाचण्याचे आहे असे समजावे. ऑनलाइन खरेदी करताना बुकगंगासारख्या संकेतस्थळावर काही पाने चाळायला मिळतात, त्यांवरही ही परीक्षा होते. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या 2015 साली सुरू झालेल्या मुक्त मंचावर गोष्टी वयाऐवजी वाचनपातळीनुसार लावलेल्या आहेत. त्यात मराठी गोष्टीही पुष्कळ आहेत आणि त्या विनामूल्य आहेत. मात्र तिथला बराच भाग अनुवादित असल्यामुळे एखाद्या गोष्टीची मराठी ओबडधोबड वाटली, तर ती बाजूला ठेवून दुसरी घ्यावी.

पुरस्कारांची यादी न वाचताच वापरणे

साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार 2010 पासून दिला जातो आणि शोधाची सुरुवात करायला ती यादी उत्तम आहे. सलीम सरदार मुल्ला यांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ला 2019 मध्ये, संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला 2022 मध्ये आणि भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ या कादंबरीला 2024 मध्ये तो मिळाला. परंतु हा पुरस्कार केवळ कथा-कादंबरीसाठी नाही. 2023 साली तो एकनाथ आव्हाड यांच्या ‘छंद देई आनंद’ या कवितासंग्रहाला मिळाला, आणि काही वर्षी एका पुस्तकाऐवजी लेखकाच्या एकूण बालसाहित्याचा गौरव झालेला आहे. शिवाय मागील पाच वर्षांतली पुस्तके विचारात घेतली जात असल्यामुळे पुरस्कार यंदाचा असला तरी पुस्तक यंदाचे असेलच असे नाही.

त्याहून मोठी गफलत अकादमीच्या युवा पुरस्काराबाबत होते. ‘युवा’ हा शब्द तिथे लेखकाला लागू आहे. पस्तिशीपर्यंतच्या लेखकांना तो दिला जातो. हा पुरस्कार मिळालेले पुस्तक किशोरवयीन वाचकांसाठीचे समजून तेरा वर्षांच्या पुतण्याला वाढदिवसाला देण्याचा पराक्रम मी स्वतः केलेला आहे, आणि आमच्या वहिनींनी त्यातले तिसरे प्रकरण वाचल्यावर मला फोन केला होता.

नवे लेखक फक्त दुकानात शोधणे

मुलांसाठी लिहिणारा नवा लेखक मराठीत बहुधा आधी मासिकात किंवा दिवाळी अंकात दिसतो आणि पुस्तकात नंतर. बालभारतीचे ‘किशोर’ 1971 पासून निघते आहे, त्याचे जुने अंकही ऑनलाइन वाचता येतात. ‘वयम्’ थोड्या मोठ्या मुलांसाठी आहे, ‘चिकूपिकू’ अगदी लहानांसाठी, आणि ‘साधना’ साप्ताहिक दिवाळीत बालकुमार अंक काढते. एक अंक मुलाकडे आठवडाभर राहू द्यावा आणि त्याने कोणती गोष्ट दुसऱ्यांदा वाचली एवढेच पाहावे. त्या लेखकाचे नाव टिपून ठेवले की पुढचा शोध निम्मा सोपा होतो. चित्रकाराचे नावही टिपावे. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका आपल्या पुस्तकांची चित्रेही स्वतः काढतात, आणि चित्र ओळखीचे असले की लहान मूल अनोळखी पुस्तकही बिनतक्रार उघडते.

कुमारवयीन वाचकाला वाऱ्यावर सोडणे

बारा ते सोळा या वयासाठी मराठीतली फळी खरोखरच विरळ आहे, हे मान्य केले पाहिजे. दुकानात या मुलांसाठी वेगळा कप्पा क्वचित असतो. त्यांची पुस्तके एकतर परीकथांच्या शेजारी किंवा थेट मोठ्यांच्या कादंबऱ्यांत मिसळलेली असतात, आणि म्हणून ती विषयाप्रमाणे शोधावी लागतात. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा या वयाला उत्तम जातात, पण त्या विज्ञानकथांच्या कप्प्यात मिळतात.

अनुवादांबाबत माझे मत थोडे कडवट आहे. जे मूल इंग्रजी सफाईने वाचते, त्याला इंग्रजी कादंबरीचा मराठी अनुवाद देऊन फारसे काही साधत नाही. त्याने मूळ पुस्तक वाचलेले असते किंवा ते तेच वाचणे पसंत करते. त्याउलट, जी भाषा त्याला येत नाही तिच्यातला अनुवाद त्याच्यासाठी खऱ्या अर्थाने नवा असतो. सत्यजित राय यांचा फेलूदा 1965 साली बंगालीतील ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात अवतरला आणि अशोक जैन यांच्या अनुवादामुळे तो मराठीत आला. गोष्टी जुन्या आहेत, पण कोलकात्याचा हा गुप्तहेर प्रथमच भेटणाऱ्या मुलाला त्याने काही फरक पडत नाही.

अर्धवट टाकलेल्या पुस्तकाचा पंचनामा न करणे

मुलाने पुस्तक मध्येच सोडले की त्याला वाचनाची आवड नाही असा निष्कर्ष काढला जातो. त्याऐवजी खूण कोणत्या पानावर आहे ते पाहावे. पहिल्या दहा पानांतच सोडले असेल, तर बहुधा भाषा जड आहे किंवा अक्षर बारीक आहे. मध्यावर सोडले असेल, तर गोष्ट रेंगाळली आहे आणि त्याच लेखकाचा कथासंग्रह कदाचित चालेल. शेवटची वीस पाने उरली असताना सोडले असेल, तर शेवट कळून चुकला आहे. अशा वाचकाला एक पायरी वरचे पुस्तक द्यावे.

ही चाचपणी विकत घेतलेल्या पुस्तकांवर केली तर खिसा रिकामा होतो, म्हणून गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचे सदस्यत्व मुलाच्या नावाने घ्यावे आणि पुस्तक बदलायला त्यालाच पाठवावे. सुट्टीत महाबळेश्वर-पाचगणीकडे जाणे झाले, तर 2017 पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भिलारला अर्धा दिवस द्यावा. तिथे घराघरांत मांडलेली पुस्तके बसून वाचता येतात, कोणी विकत घ्या म्हणत नाही, आणि मुलाने कोणत्या पुस्तकापाशी जेवणाची वेळ चुकवली ते आपल्याला दुरून पाहता येते. त्या पुस्तकाचे आणि प्रकाशकाचे नाव लिहून आणावे व परत आल्यावर आपल्या वाचनालयाच्या ग्रंथपालांकडे त्याची मागणी नोंदवावी.